रॉबर्ट मिलिकन : तेलाचा थेंब, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि एककांचा हिशेब



माझ्या चौथीच्या वर्गात दरवर्षी एक उत्तर हमखास येतं. १ किलो साखर आणि २५० ग्रॅम साखर मिळून किती साखर? उत्तर : २५१. बेरीज अगदी बरोबर आहे, मूलही हुशार आहे. फक्त किलो आणि ग्रॅम एकाच रांगेत उभे केले आहेत. आपण लाल पेनाने गोल करतो, शेजारी प्रश्नचिन्ह काढतो आणि पुढची वही घेतो. मग पालक विचारतात, अहो, बेरीज तर बरोबर आहे, एवढ्याशा चुकीला पूर्ण गुण कापायचे का?

या प्रश्नाचं उत्तर मला रॉबर्ट अँड्र्यूज मिलिकन यांच्या चरित्रात सापडलं. हे अमेरिकन शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉनवरचा विद्युतप्रभार मोजण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या त्या एका आकड्यामुळे इलेक्ट्रॉनचं वस्तुमान नेमकं काढता आलं. आणि गंमत अशी, की मुळात ते आपल्यासारखेच एक शिक्षक होते.

बालपण आणि शिक्षण

मिलिकन यांचा जन्म २२ मार्च १८६८ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मॉरिसन या छोट्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. आई लग्नाआधी एका कॉलेजात मुलींच्या विभागाची प्रमुख होती. सहा भावंडं, बेताचं उत्पन्न. रॉबर्ट सात वर्षांचे असताना कुटुंब आयोवा राज्यातल्या माकोकेटा या गावी राहायला गेलं आणि त्यांचं शालेय शिक्षण तिथेच झालं. शाळा संपल्यावर काही काळ त्यांनी कोर्टात लघुलेखकाचं काम केलं. १८८६ साली ते ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांचे आवडते विषय होते ग्रीक भाषा आणि गणित.

आता मला सर्वांत आवडणारा प्रसंग. दुसरं वर्ष संपत आलं होतं. ग्रीकच्या प्राध्यापकांनी मिलिकनना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षी शालेय विभागातल्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवायचं आहे आणि ते काम तू कर. मिलिकन गडबडले, मला तर पदार्थविज्ञानातलं काहीच येत नाही म्हणाले. सरांचं म्हणणं असं, की ज्याला माझं ग्रीक जमतं त्याला पदार्थविज्ञानही शिकवता येईल.

मला हे वाचून हसू आलं, कारण माझ्या पहिल्या नोकरीत मला चित्रकलेचा तास दिला होता. मला कमळाशिवाय काही काढता येत नाही! आपल्यापैकी किती जणांना असे तास मिळाले असतील. मिलिकननी मात्र पैशांची गरज होती म्हणून काम घेतलं आणि १८८९ ची पूर्ण उन्हाळी सुट्टी एका शालेय पाठ्यपुस्तकाला दिली. पुस्तक नुसतं वाचलं नाही, त्यातली सगळी उदाहरणं स्वतः सोडवली. शाळा उघडली तेव्हा ते मुलांच्या चार पावलं पुढे होते, एवढंच. पण त्यातूनच त्यांना विषयाची गोडी लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. १८९१ मध्ये पदवी, १८९३ मध्ये मास्टर्स, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १८९५ मध्ये डॉक्टरेट. तिथे त्या वेळी पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेणारे ते एकटेच विद्यार्थी होते. मायकेल प्युपिन या प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून उसने पैसे दिले म्हणून त्यांना जर्मनीला जाऊन शिकता आलं. १८९६ साली प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या मायकेलसन यांनी त्यांना शिकागो विद्यापीठात बोलावून घेतलं.

शिकागोत मिलिकननी दहा-बारा वर्षं मुख्यतः शिकवलं आणि पाठ्यपुस्तकं लिहिली. हेन्री गेल यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं शाळेसाठीचं पुस्तक १९०६ मध्ये आलं आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये खूप चाललं. १९०२ मध्ये ग्रेटा ब्लँचर्ड यांच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलगे झाले. पण विद्यापीठात मान असतो संशोधनाला. चाळिशी जवळ आली तरी मिलिकन यांच्या नावावर मोठा शोध नव्हता. बरोबरीचे लोक पुढे निघाले होते. पाठ्यपुस्तकं बाजूला ठेवून त्यांनी अवघड प्रश्न हातात घेतला तो या वळणावर.

प्रश्न काय होता?

१८९७ मध्ये इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी दाखवलं होतं, की ऋण किरणांमधले कण फार हलके आहेत. पण त्यांना कणाचं वस्तुमान थेट मोजता आलं नव्हतं. मोजता आलं ते प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. म्हणजे दर किलोग्रॅमला किती प्रभार, असा भाव कळला होता. हायड्रोजनसाठी असाच भाव आधीच माहीत होता आणि या नव्या कणांचा भाव त्याच्या हजारपटीहून जास्त निघाला. दोन्हींवरचा प्रभार सारखा धरला, तर नवा कण हायड्रोजनच्या अणूपेक्षा हजारपटीहून हलका.

हे मुलांना सांगायचं असेल तर मी बाजारातलं उदाहरण देते. पेरू १०० रुपये किलो आहेत. एका पेरूचे २० रुपये झाले. तराजू न पाहता सांगा, पेरू केवढा? २० भागिले १००, म्हणजे ०.२ किलो, म्हणजे २०० ग्रॅम. थॉमसन यांना भाव कळला होता. एका पेरूची किंमत, म्हणजे एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार, कोणालाच नीट माहीत नव्हता. तो कळला की वस्तुमान एका भागाकारात मिळणार होतं.

तेलाचा थेंब

आधीच्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बाष्पाचे ढग करून पाहिले होते. मिलिकननीही सुरुवात तिथूनच केली. विजेचा दाब खूप वाढवला तेव्हा ढग पांगला आणि मोजके थेंब अधांतरी राहिले. यातून एकेका थेंबाकडे बघायची कल्पना सुचली. पण पाण्याचा थेंब बघता बघता वाळून जायचा.

यावर तोडगा म्हणजे तेल, घड्याळात घालतात ते सहजासहजी न उडणारं तेल. हा तोडगा कोणाला सुचला यावर दोन कथा आहेत. मिलिकन यांच्या सांगण्यानुसार १९०९ मध्ये कॅनडातल्या विनिपेग इथल्या परिषदेहून परतताना रेल्वेत त्यांना तो सुचला. त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी वेगळं लिहून ठेवलं. चर्चेत तेल, पारा अशी नावं निघाली, त्याच दिवशी फ्लेचर दुकानातून अत्तर उडवायचा फवारा आणि घड्याळाचं तेल घेऊन आले, उपकरण जोडलं आणि दुर्बिणीतून पाहिलं तर छोटे छोटे तारे चमकताना दिसले.

उपकरण असं होतं. दोन सपाट धातूच्या चकत्या एकावर एक, मध्ये थोडी जागा. वरच्या चकतीला बारीक छिद्र. वर तेल फवारायचं, एखादा थेंब छिद्रातून खाली येतो. फवारताना त्याच्यावर थोडा प्रभार आलेला असतो. वीज बंद असताना थेंब सावकाश खाली पडतो, कारण हवा त्याला अडवते. पडण्याचा वेग मोजला की थेंबाचा आकार कळतो, आकारावरून वस्तुमान. मग चकत्यांना हजारो व्होल्ट जोडायचे. विजेचा ओढा थेंबाला वर नेतो, आणि दाब नेमका जुळला तर थेंब जागेवर थांबतो. एकच थेंब तासन्‌तास वर-खाली करत बघायचा. कधी कधी प्रभार मध्येच बदलायचा आणि वेगही उडी मारून बदलायचा. या उड्या नेहमी एकाच छोट्या प्रभाराच्या पटीत असायच्या. एकपट, दुप्पट, तिप्पट. दीडपट कधीच नाही.

फळ्यावर मांडण्यासारखं उदाहरण

आपण आजच्या एककांत एक थेंब सोडवू. हे नववी-दहावीच्या मुलांना नक्की जमेल. (१०^-१९ म्हणजे १० चा उणे एकोणिसावा घात, असं वाचा. आकडे मी हिशेबाला सोपे घेतले आहेत.)

चकत्यांमधलं अंतर १६ मिलिमीटर, दाब ५००० व्होल्ट. अधांतरी थांबलेल्या थेंबाचं वस्तुमान ५.१ × १०^-१५ किलोग्रॅम. थेंबावर एकच जादा इलेक्ट्रॉन आहे.

पहिलं काम रूपांतराचं. १६ मिलिमीटर म्हणजे ०.०१६ मीटर. आता ५००० भागिले ०.०१६, म्हणजे ३,१२,५०० व्होल्ट प्रति मीटर. थेंबाचं वजन : ५.१ × १०^-१५ गुणिले ९.८, म्हणजे ५ × १०^-१४ न्यूटन. थेंब थांबलाय म्हणजे विजेचा ओढा तेवढाच आहे. म्हणून प्रभार = ५ × १०^-१४ भागिले ३,१२,५०० = १.६ × १०^-१९ कूलोम. ही झाली एका पेरूची किंमत.

भाव आज आपल्याला माहीत आहे : १.७६ × १०^११ कूलोम प्रति किलोग्रॅम. भागाकार केला की इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१ × १०^-३१ किलोग्रॅम.

आता तोच २५१ वाला विद्यार्थी इथे आणा. त्याने १६ मिलिमीटरचे मीटर केलेच नाहीत, सरळ १६ ने भागलं. प्रभार हजारपट मोठा आला आणि वस्तुमान आलं ९.१ × १०^-२८ किलोग्रॅम. हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान सुमारे १.६७ × १०^-२७ किलोग्रॅम. म्हणजे याचा इलेक्ट्रॉन अख्ख्या अणूच्या निम्म्याहून जड झाला! कण अणूपेक्षा हजारपटीहून हलका आहे हाच थॉमसन यांचा सगळा शोध. एका मिलिमीटरने तो पुसून टाकला.

याच्या पुढची गोष्ट तर आणखी फसवी आहे. हा विद्यार्थी उत्तर पडताळायला एखादं जुनं पुस्तक उघडतो. तिथे छापलंय : इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१ × १०^-२८. तो खूश! पण पुस्तकातला आकडा ग्रॅममध्ये आहे, त्याचा किलोग्रॅममध्ये. आकडा तंतोतंत जुळला आणि उत्तर हजारपट चुकलं. पालकहो, गुण कापण्याचं कारण हे आहे.

मिलिकन यांच्यासमोरचं रूपांतर

मिलिकन यांच्या काळात हे काम आणखी किचकट होतं. सगळं सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदात चालायचं आणि प्रभार मोजायला एक नाही, दोन एककं होती. स्थिर विजेवरून ठरवलेलं एक, आणि प्रवाहाच्या चुंबकीय परिणामावरून ठरवलेलं दुसरं. थॉमसन यांचा भाव चुंबकीय एककात होता. मिलिकन यांचं उत्तर स्थिर एककात. १९१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता ४.७७४ × १०^-१०.

भाव त्या पद्धतीत साधारण १.७६ × १०^७ प्रति ग्रॅम. आता हे दोन आकडे सरळ भागले तर? उत्तर येतं २.७ × १०^-१७ ग्रॅम. हा कण लहानशा विषाणूएवढा जड झाला. रुपये किलोच्या भावाला पैशांतली किंमत भागल्यासारखं आहे हे. २००० पैसे भागिले १००, म्हणजे पेरू २० किलोचा!

या दोन एककांमधलं नातं मात्र फार सुंदर आहे. एका चुंबकीय एककात जवळजवळ ३ × १०^१० स्थिर एककं बसतात, आणि हा आकडा म्हणजे सेंटिमीटर प्रति सेकंदातला प्रकाशाचा वेग आहे. म्हणून मिलिकन यांच्या आकड्याला आधी त्याने भागायचं. येतं १.५९ × १०^-२०. मग भावाने भागायचं. येतं ९.०५ × १०^-२८ ग्रॅम. मधली ही एक पायरी गाळली तर उत्तर तीन हजार कोटी पटीने चुकतं.

नाव कोणाचं, थेंब कोणते

इथपर्यंत कौतुक झालं. पण चरित्र सांगताना पुढचं गाळणं मला पटत नाही.

१९१० मध्ये तेलाच्या थेंबांचा पहिला मोठा शोधनिबंध तयार झाला तेव्हा फ्लेचर यांना वाटलं होतं, की दोघांचं नाव येईल. मिलिकन त्यांच्या घरी गेले आणि वाटणी सुचवली. हा निबंध मिलिकन यांच्या एकट्याच्या नावावर, आणि दुसऱ्या एका विषयावरचा फ्लेचर यांच्या नावावर, म्हणजे त्यांना डॉक्टरेटला चालेल. विद्यार्थी काय बोलणार? त्यांनी मान्य केलं. फ्लेचर यांनी ही हकीकत लिहून ठेवली, पण ती छापून आली १९८२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी मिलिकन यांच्याबद्दल कटुता दाखवली नाही. मला विचाराल तर वाटणी बरोबरीची नव्हती.

दुसरी गोष्ट थेंबांची. १९१३ च्या निबंधात ५८ थेंबांची मोजमापं आहेत आणि ती निवडलेली नाहीत, ओळीने घेतलेली आहेत, असं मिलिकन यांनी लिहिलं. पुढे त्यांच्या वह्या तपासल्या गेल्या तेव्हा शंभराहून जास्त थेंबांच्या नोंदी निघाल्या. काही सुरुवातीच्या सरावाच्या होत्या, काही प्रयोग मध्येच बिघडले होते. काही मात्र सोडून दिल्या होत्या. अभ्यासकांनी सोडलेले थेंब धरून पुन्हा हिशेब केला तर उत्तर फारसं बदललं नाही. पण मग तसं लिहायचं ना! मुलांच्या प्रयोगवहीत आपण खाडाखोड दिसली की रागावतो. मी हल्ली सांगते, चुकलेलं वाचन एका रेघेने कापा, खोडरबर वापरू नका.

चूक कुठे राहिली?

आजचा स्वीकारलेला आकडा जुन्या एककात ४.८०३ × १०^-१० आहे. मिलिकन यांचा ४.७७४. शेकडा एकाहूनही कमी फरक. रूपांतर बरोबर, वेळ बरोबर, व्होल्ट बरोबर. मग?

चूक हवेत होती, अगदी शब्दशः. हवा थेंबाला किती अडवते याचा एक आकडा लागतो, त्याला श्यानता म्हणतात. तो मिलिकननी थेंबांवरून मोजलेला नव्हता, वेगळ्या मोजमापातून घेतलेला होता आणि तो किंचित कमी होता. जवळजवळ वीस वर्षं त्यांचा आकडा जगभर वापरला गेला. मग क्ष-किरणांनी स्फटिक मोजणाऱ्यांना वेगळं उत्तर येऊ लागलं. सुरुवातीला लोकांनी त्यांनाच चूक ठरवलं. १९३० च्या दशकात श्यानता पुन्हा मोजली, तेव्हा खरी जागा सापडली. प्रभार वाढला, आणि त्याच्याबरोबर इलेक्ट्रॉनचं वस्तुमानही ९.०५ वरून ९.११ झालं.

उत्तरायुष्य

१९१६ मध्ये मिलिकननी प्रकाशविद्युत परिणामावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खरं तर आइन्स्टाइन यांचं स्पष्टीकरण त्यांना पटलेलं नव्हतं, पण दहा वर्षांच्या खटपटीनंतर त्यांच्याच आकड्यांनी समीकरण बरोबर ठरवलं. या दोन्ही कामांसाठी १९२३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. १९२१ पासून ते कॅलिफोर्नियात कॅलटेक या संस्थेचे प्रमुख होते आणि १९४५ पर्यंत त्यांनी ती संस्था नावारूपाला आणली. अवकाशातून येणाऱ्या किरणांना विश्वकिरण हे नाव त्यांनीच रूढ केलं. याच कामासाठी १९३९ च्या सुमाराला ते आपल्या सहकाऱ्यांसोबत भारतात आले होते. आग्रा, पेशावर आणि बंगळूर इथून त्यांनी उपकरणं बांधलेले फुगे आकाशात सोडले.

त्यांची एक बाजू वाईटही होती. माणसांमध्ये चांगलं-वाईट रक्त ठरवून काहींची सक्तीने नसबंदी करावी असं मानणाऱ्या एका संस्थेच्या विश्वस्तांमध्ये ते होते. याच कारणाने २०२१ मध्ये कॅलटेकने आपल्या इमारतीवरून त्यांचं नाव काढायचा निर्णय घेतला. मोठ्या मुलांना हेही सांगावं असं मला वाटतं.

१९ डिसेंबर १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनो इथे त्यांचं निधन झालं. मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनवरचा प्रभार हा मोजायचा आकडाच राहिलेला नाही. तो १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम असा कायमचा ठरवून टाकला आहे आणि कूलोम हे एकक आता त्याच्यावर उभं आहे.

वर्गासाठी दोन उदाहरणं देते. घरी मोठ्या भावंडांबरोबरही करता येतील.

१) १ कूलोम = २.९९८ × १०^९ स्थिर एककं. तर मिलिकन यांचा ४.७७४ × १०^-१० हा आकडा कूलोममध्ये किती?

२) आजकाल कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगतात. ९.११ × १०^-३१ किलोग्रॅमला प्रकाशाच्या वेगाच्या (३ × १०^८ मीटर प्रति सेकंद) वर्गाने गुणा, म्हणजे ऊर्जा ज्यूलमध्ये येईल. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट = १.६ × १०^-१९ ज्यूल. तर इलेक्ट्रॉन किती इलेक्ट्रॉन-व्होल्टचा?

उत्तरं : १) १.५९२ × १०^-१९ कूलोम. २) सुमारे ५.१ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पुस्तकात ०.५११ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असं लिहिलेलं दिसेल, ते हेच. मेगा म्हणजे दहा लाख.